शेवटचा मजूर आणि वर्ध्याचे वैचारिक गद्य

औद्योगिक इंग्लंडमधील सुधारणावादी विचार आणि मराठी वैचारिक गद्य यांच्या संबंधाची चर्चा आपल्याकडे बहुतांशी मिल आणि स्पेन्सर यांच्या अंगाने झाली आहे. आगरकरांच्या निबंधांची वंशावळ सांगताना ती तशी होणे स्वाभाविकही आहे. परंतु त्याच इंग्लंडमध्ये उपयुक्ततावादाच्या विरोधात उभा राहिलेला दुसरा एक प्रवाह होता. कार्लाइल, रस्किन, मॉरिस ही त्यातील ठळक नावे. हा प्रवाह मराठीत उशिरा आणि आडवाटेने आला: जोहान्सबर्ग-दरबानच्या आगगाडीतून, गुजराती अनुवादातून आणि अखेर वर्धा, नालवाडी, पवनार, शेगाव अशा मुक्कामांवरून. आपल्या वाङ्मयेतिहासांत त्याची नोंद 'गांधीवादी साहित्य' या कप्प्यात केली जाते. त्या कप्प्यात एकदा ठेवलेल्या संहितेचे संहिता म्हणून वाचन होत नाही. तिच्याविषयी आदर तरी व्यक्त होतो किंवा अनादर तरी. प्रस्तुत लेखात वर्ध्याच्या या गद्याचा विचार एका मर्यादित प्रश्नापुरता करावयाचा आहे. यंत्रयुगाविषयीची ब्रिटिश समीक्षा वर्ध्याला पोहोचली तेव्हा त्या समीक्षेतील कोणता आवाज सोबत आला, आणि कोणता मागे राहिला?

प्रश्न असा मांडण्याचे कारण आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये उद्योगीकरणाविषयीचे लेखन दोन जातींचे होते. एक नैतिक आवाहनाचे गद्य. ते मालकाला, व्यापाऱ्याला, सुशिक्षित वाचकाला उद्देशून लिहिले जाई आणि त्याच्या सदसद्विवेकाला हात घाली. दुसरे साक्षीचे गद्य. १८३२ ची सॅडलर समिती, खाणींतील मुलांविषयीचा १८४२ चा अहवाल अशा संसदीय चौकशांच्या 'निळ्या पुस्तकां'त मजूर, बायका, मुले प्रश्नांना उत्तरे देतात: किती वाजता उठतो, किती चालतो, झोप आली तर काय होते. ही उत्तरे अडखळती आहेत, पुष्कळदा प्रश्नकर्त्याच्या सोयीने वळवलेलीही आहेत. पण बोलणारा माणूस तेथे प्रथमपुरुषी आहे. १८३३ चा कारखाना कायदा, त्याने नेमलेले निरीक्षक, १८४७ चा दहा तासांचा कायदा ही सर्व वाटचाल या साक्षींच्या आणि चार्टिस्टांसारख्या चळवळींच्या रेट्याने झाली. डिझरेलीची 'सिबिल' (१८४५) ही कादंबरी निळ्या पुस्तकांचा सरळ उपयोग करते, आणि मार्क्सच्या 'कॅपिटल'मधील कामाच्या दिवसाविषयीचे प्रकरण त्यांच्याशिवाय लिहिलेच गेले नसते. इंग्लंड बदलले ते रस्किनच्या वाक्यांनी की निरीक्षकांच्या तक्त्यांनी, हा वाद अजून संपलेला नाही. दोन्ही गद्ये एकाच समाजात, एकमेकांच्या ऐकण्याच्या अंतरावर होती, एवढे मात्र नि:संशय. रेमंड विल्यम्सने 'कल्चर अँड सोसायटी'त (१९५८) पहिल्या गद्याची परंपरा उभी केली, ई. पी. थॉम्प्सनने पाच वर्षांनी दुसऱ्याची. ही दोन पुस्तके एकमेकांना पूरक म्हणून वाचण्याची आपली सवय बरोबर आहे.

विल्यम्सच्या त्या ग्रंथाची सुरुवात पाच शब्दांच्या अर्थांतराने होते, आणि त्यांतला पहिलाच शब्द 'इंडस्ट्री' हा आहे. आधी तो माणसाचा गुण होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तो संस्थांचे, कारखान्यांचे नाव झाला. मराठीत 'उद्योग' या शब्दाने हुबेहूब हाच प्रवास केला. जुन्या मराठीत उद्योग म्हणजे उद्यम, खटपट, नेट. 'उद्योगी मुलगा', 'निरुद्योगी माणूस' या प्रयोगांत तो अर्थ अजून जिवंत आहे. 'उद्योगधंदे', 'उद्योगपती' येथे तो गुण माणसातून निघून भांडवलात गेलेला दिसतो. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या नावात हा शब्द पुन्हा उलट दिशेने ओढलेला आहे. मगनवाडीतील घाणी, हातकागद, मधमाशा यांना 'उद्योग' म्हणताना गुण आणि संस्था यांची फारकतच नाकारलेली आहे. असा अर्थसंकोच-विस्ताराचा खेळ हे वर्ध्याच्या गद्याचे खास लक्षण आहे आणि विनोबांच्या व्युत्पत्तिप्रेमात त्याचे टोक दिसते. शब्दाचा मूळ अर्थ सापडला की वस्तूचा मूळ धर्मही सापडला, हे त्यामागचे गृहीतक भाषाशास्त्राला मान्य होणारे नाही. गद्याला मात्र त्याने एक विलक्षण आत्मविश्वास दिला.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. 'अन टु धिस लास्ट' हे रस्किनचे चार निबंध १८६० मध्ये 'कॉर्नहिल' मासिकात आले. वाचकांच्या गदारोळामुळे संपादक थॅकरेला ती मालिका आवरती घ्यावी लागली, आणि १८६२ मध्ये निबंध पुस्तकरूपाने निघाले. शीर्षक मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतातून घेतलेले आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या प्रहरी आणखी लावतो, दिवस मावळता मावळता अकराव्या प्रहरीही लावतो. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. धनी त्यांना सांगतो की ठरले होते ते तुम्हाला मिळाले, शेवटच्यालाही तेवढेच द्यावे ही माझी इच्छा. या दृष्टांताच्या रचनेत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शेवटचा मजूर त्यात एकच वाक्य बोलतो: दिवसभर रिकामे का उभे होता, या प्रश्नावर, आम्हाला कोणी कामच दिले नाही. तक्रार करण्याइतके बोलतो तो पहिला मजूर, आणि दृष्टांत त्याचे म्हणणे फेटाळून लावतो. धनी धनीच राहतो. मजुरी ठरविण्याचा अधिकार त्याच्याच इच्छेत राहतो. फरक इतकाच की इच्छा उदार आहे.

रस्किनने या दृष्टांतातून जी आर्थिक सूचना काढली ती त्या काळी धक्कादायक होती: मजुरी मागणी-पुरवठ्यावर हेलकावे खाऊ नये, सैनिकाचा किंवा धर्माधिकाऱ्याचा पगार जसा ठरलेला असतो तशी ती ठरलेली असावी. पहिल्याच निबंधात तो व्यापाऱ्याला विचारतो की सैनिक, वैद्य, न्यायाधीश आपापल्या धर्मासाठी प्राण देण्यास बांधलेले आहेत. तू कशासाठी आहेस? ग्रंथाचा खरा संबोधित तो व्यापारी आहे. मजूर त्यात सर्वत्र आहे, पण तृतीयपुरुषी.

गांधींनी हे पुस्तक १९०४ मध्ये हेन्री पोलॉक यांच्याकडून घेऊन प्रवासात वाचले आणि १९०८ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्याचा गुजराती सारानुवाद केला. शीर्षकाचा अर्थ बायबल वाचलेल्यालाच कळेल, म्हणून तो न सांगता त्यांनी ग्रंथाच्या हेतूवरून 'सर्वोदय' हे नाव दिले. अनुवादाच्या दृष्टीने हा निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. 'शेवटचा' या विशेषणाच्या जागी 'सर्व' आला. एका माणसाकडे बोट दाखवणारे दर्शक सर्वनाम जाऊन समूहवाचक आले. 'जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख' या सूत्राला उत्तर द्यावयाचे असल्याने 'सर्व' हा शब्द वादाला सोयीचा होता. परंतु 'सर्व' म्हटले की पहिला आणि शेवटचा यांतील तंटा शब्दातच मिटतो, आणि तंटा मिटला की दोघांच्याही साक्षीची गरज उरत नाही. 'अंत्योदय' ही संज्ञा पुढे रूढ झाली खरी. तिने शेवटचा परत आणला, कुरकुरणारा पहिला मात्र परत आला नाही.

'हिंद स्वराज'च्या (१९०९) शेवटी वाचनासाठी सुचवलेल्या वीस पुस्तकांची यादी आहे. तीत रस्किनची दोन पुस्तके आहेत, कार्पेंटर आहे, आणि ज्यांची नावे आज कोणी घेत नाही असे दोन इंग्रज आहेत: रॉबर्ट शेरार्ड आणि गॉडफ्रे ब्लाउंट. शेरार्डचे 'द व्हाइट स्लेव्ह्ज ऑफ इंग्लंड' हे हलाखीच्या धंद्यांतील कामगारांना भेटून लिहिलेले वृत्तांतगद्य, म्हणजे आपल्या वर्गीकरणात साक्षीच्या बाजूचे. ब्लाउंट हा सरे परगण्यातील हॅझलमिअर येथे हातमाग व ग्रामीण कलांचे केंद्र चालवणारा. रस्किनच्या प्रेरणेने लेक डिस्ट्रिक्टमध्येही १८८० च्या दशकात अल्बर्ट फ्लेमिंगने चरखे पुन्हा चालू करून लँगडेल लिनन हा हातकताईचा उद्योग उभारला होता. तेव्हा चरखा ही कल्पना शुद्ध देशी आणि तिचा विरोध शुद्ध पाश्चात्य, अशी जी मांडणी देशीवादाच्या सैल आवृत्त्यांतून होते ती टिकणारी नाही. यादीत दोन्ही गद्ये शेजारी होती. वर्ध्याला पोहोचेपर्यंत शेरार्ड गळाला आणि ब्लाउंटची वाट रुंद झाली.

हे गळणे आकस्मिक मानता येत नाही, कारण वर्धा ही काही यंत्रयुगापासून अस्पर्श राहिलेली भूमी नव्हती. रस्किनचे पुस्तक निघाले त्याच १८६२ साली वर्धा हा नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला. वर्धा शहर १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता आणि हिंगणघाटचा कापूस त्या नावाने इंग्रजी बाजारात ओळखला जाऊ लागला होता. पाठोपाठ आगगाडी आली, सरकी काढण्याचे आणि गठाणी दाबण्याचे कारखाने आले, आणि शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. रस्किन ज्या समाजावर टीका करीत होता त्याच समाजाच्या कच्च्या मालाचा हा मुलूख होता. येथे मजूर दोन प्रकारचे होते. गिरणीत आणि जिनिंगमध्ये भोंग्यावर जाणारा, म्हणजे दृष्टांतातला पहाटे लावलेला. आणि हंगाम संपला की हाताला काम नसलेला शेतमजूर, म्हणजे ज्याला कोणी काम दिले नाही तो.

वर्ध्याच्या गद्याने दुसऱ्याचे एकमेव वाक्य ऐकले, आणि खरोखर ऐकले. हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. चरख्याचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हंगामी बेकारीचा होता, आणि मजुरीचा प्रश्न येथे रस्किनपेक्षाही नेटाने लढवला गेला. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्या बायकांना किमान मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. आठ तासांच्या कामाला आठ आणे हा गांधींचा आदर्श होता. संघ प्रत्यक्षात पुष्कळ खालच्या पायरीवर थांबला, आणि खादी महागेल, खपणार नाही, ही कार्यकर्त्यांची भीती अगदी व्यापारी भीती होती. म्हणजे मागणी-पुरवठ्याचा नियम रस्किनच्या शिष्यांच्या दुकानातही येऊन बसलाच. तरीही बाजारभावापेक्षा वेगळी, गरजेवर ठरलेली मजुरी एका देशव्यापी संस्थेने मान्य करणे ही 'अन टु धिस लास्ट'मधील सूचनेची कदाचित सर्वांत मोठी प्रत्यक्ष चाचणी होय. इंग्रजी रस्किन-अभ्यासात तिची पुरेशी दखल घेतलेली आढळत नाही.

याच काळात विनोबांनी नालवाडीत केवळ कताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. प्रकृती ढासळल्यावर १९३८ मध्ये ते पवनारला गेले. वाङ्मयीन दृष्टीने हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण साक्षीच्या गद्याची जागा येथे एका देहाने घेतली आहे. कातणारीला विचारण्याऐवजी सुधारक स्वत: कातणारी होतो; किती तास, किती तार, किती आणे, किती दूध परवडते याचा हिशेब स्वत:वर मांडतो. त्यातील सचोटी कोणीही नाकारणार नाही. पण संसदीय समितीपुढे बसलेल्या मुलीला जे स्वातंत्र्य अजाणता मिळाले होते, म्हणजे प्रश्नकर्त्याला नको असलेले काही बोलून जाण्याचे, ते या पद्धतीत कातणारीला मिळत नाही. विनोबा तिच्या वतीने उपाशी राहतात. ती काय म्हणाली असती ते आपल्याला कळत नाही. व्रत म्हणून पत्करलेले दारिद्र्य आणि वाट्याला आलेले दारिद्र्य यांचे व्याकरण एक नाही. पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात बहुधा नसतो.

विनोबांची शैली या भूमिकेशी सुसंगतच आहे. रस्किनची वाक्ये लांब, उपवाक्यांनी भारलेली, प्रार्थनामंदिरातील प्रवचनाच्या चढउताराची. 'महाराष्ट्र-धर्म'मधून (१९२३ पासून) आणि पुढे 'मधुकर'च्या निबंधांतून येणारे विनोबांचे वाक्य आखूड, गणिती, ज्ञानेश्वरीच्या दृष्टांतांवर पोसलेले. रस्किन वाचकाला लाजवितो. विनोबा त्याला हिशेब घालतात. मराठी निबंधात चिपळूणकरी आवेशानंतर इतके निरलंकार आणि तरीही इतके धारदार वाक्य क्वचितच आले असेल. मात्र या वाक्यात संवादाला जागा कमी आहे. दुसऱ्याचे म्हणणे त्यात येते ते पूर्वपक्ष म्हणून, आणि पुढच्याच वाक्यात निकालात निघते.

आणि पहाटेचा मजूर? हिंगणघाटचा गिरणी कामगार या गद्यात जवळपास नाही. मराठीत त्याला बोलते करणारी परंपराच नव्हती असे म्हणण्याचीही सोय नाही. महात्मा फुल्यांच्या प्रेरणेतून वाढलेले 'दीनबंधु' पत्र चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, १८९० च्या कारखाना आयोगाच्या कामात भाग घेतला, रविवारच्या सुटीची मागणी पुढे नेली. भारतातील पहिल्या कारखाना कायद्यामागे (१८८१) मँचेस्टरच्या मालकांचा स्वार्थ होता आणि आपल्या राष्ट्रीय पत्रांनी त्याला त्याच कारणाने विरोध केला, हा इतिहास सुपरिचित आहे. तो कायदा सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्याची बंदी करीत होता. म्हणजे राष्ट्रीय युक्तिवादाची किंमत कोण मोजत होते ते स्पष्ट आहे. लोखंड्यांनी हेतू संशयास्पद असलेल्या कायद्यातूनही कामगाराचे बोलणे पुढे रेटले. साक्षीच्या गद्याचा हा मराठी धागा सत्यशोधकी होता, आणि वर्ध्याच्या लेखनाने तो उचलला नाही. फुले ते लोखंडे ही परंपरा ब्राह्मणेतर, आणि वर्ध्याच्या लेखनाचा सांस्कृतिक साठा उपनिषदे, गीता, संतवाङ्मय यांचा. नुसत्या योगायोगाने हे घडले असे समजणे भाबडेपणाचे होईल.

रस्किनचा संबोधित व्यापारी वर्ध्यात प्रत्यक्ष देह धारण करून होता, ही गोष्ट तर जवळजवळ कादंबरीत शोभावी अशी आहे. जमनालाल बजाज कापसाचे व्यापारी. त्यांनी विनोबांना १९२१ मध्ये वर्ध्यास आणविले, मगनवाडीसाठी आपली बाग दिली, १९२८ मध्ये आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. तू कशासाठी आहेस, या रस्किनच्या प्रश्नाला एवढे गंभीर उत्तर लँकेशरच्या कोणत्या व्यापाऱ्याने दिले असेल, मला शंका आहे. त्याच घराण्याने १९३१ मध्ये गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना काढला. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. विश्वस्ततेच्या कल्पनेत दोन्हींना जागा आहे. पण एक परिणाम अटळ होता. ज्या गद्याचा पहिला वाचक उदार धनी असतो, ते गद्य धन्याला लाजवू शकते. मजुराला संप करायला मात्र ते शिकवत नाही.

ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेत हा ताण क्षणभर उघड झाला. हस्तव्यवसायातून शिक्षण आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च, ही गांधींची योजना होती. के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या कलमावर आक्षेप घेतला, आणि झाकिर हुसेन समितीच्या अहवालातही आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक हेतूचा बळी जाऊ शकतो हा इशारा आला. इंग्लंडच्या १८४४ च्या कायद्यानुसार आठ ते तेरा वर्षांची मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जात. त्या अनुभवाची सावली या वादावर पडलेली आहे. ओवेनने न्यू लनार्कच्या कापूसगिरणीशेजारी काढलेल्या शाळेची गोष्ट उलटी: त्याने मुलांना गिरणीतून काढून शाळेत आणले. नई तालीमला ओवेनचे पूर्वसूरित्व देणाऱ्यांनी हा दिशाभेद विसरू नये.

वर्ध्याच्या गद्याला त्याच्याच तोलाचे उत्तर १९४५ मध्ये इंग्रजीत आले. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या ग्रंथातील 'गांधीवाद' या प्रकरणात डॉ. आंबेडकरांनी यंत्रविरोधाची वंशावळ रूसो, रस्किन, टॉलस्टॉय अशी थेट सांगितली आणि हे युक्तिवाद जुने, झिजलेले असल्याचा निर्वाळा दिला. दोष यंत्राचा नसून यंत्राचे फायदे मूठभरांकडे वळवणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि यंत्रामुळे मिळणाऱ्या सवडीवाचून संस्कृतीचे जीवन अशक्य आहे, हा त्यांचा मुद्दा. टीकेचा हा भाग मार्क्सवाद्यांनाही मान्य झाला असता. तिची खरी धार पुढे आहे. रस्किनला हरवलेले हस्तकौशल्य परत हवे होते, कारण गॉथिक शिल्पकाराच्या श्रमात त्याला स्वातंत्र्य दिसत होते. भारतात हस्तकौशल्याला जात होती. चामडे कमावणारा, मैला वाहणारा यांच्या 'परंपरागत उद्योगा'त मुक्त कारागिराची स्मृती शोधणे म्हणजे ज्यातून सुटायचे त्यालाच आदर्श करणे. ब्रिटिश विचार येथे आणताना जी वस्तू तपासली गेली नाही ती ही: मूळ संहितेतील मध्ययुग आणि आपले खेडे ही एकमेकांची भाषांतरे नव्हेत. वर्ध्याच्या शेतमजुराला 'शेवटचा' म्हणताना तो वेळेने शेवटचा आहे की जातीने, हा प्रश्न रस्किनला पडण्याचे कारणच नव्हते. लक्ष्मीनारायणाचे दार उघडणाऱ्यांना तो पडला होता हे मान्य करावे लागेल. त्यांचे उत्तर मात्र पुन्हा दार उघडणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले होते.

या साऱ्यात जे. सी. कुमारप्पा यांचे स्थान वेगळे आहे, आणि त्यांनी मराठीत लिहिले नाही म्हणून आपल्या चर्चांतून ते वगळले जातात हे योग्य नाही. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकलेला हा हिशेबतपासनीस मगनवाडीत बसून 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'पर्यंत (१९४५) पोहोचला. त्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. वर्ध्याच्या परिघातून निघालेल्या लेखनात निळ्या पुस्तकाच्या सर्वांत जवळ जाणारी संहिता हीच. गावोगाव फिरून केलेल्या या पाहणीत उत्पन्न, धंदे, कर्ज यांची मोजदाद आहे. नैतिक आवाहन मागे सरून तक्ता पुढे येतो. परंतु तक्त्यातही कुटुंब बोलत नाही, मोजले जाते. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि शिफारशी कागदावर राहिल्या. १९५१ मध्ये पवनारहून निघालेल्या विनोबांनी पुढे जमिनीचा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्या तक्त्यांचा आधार घेतला नाही. त्यांनी शब्द निवडला तो 'दान'. दान देणाऱ्याच्या दारी जाते, आणि वाक्याचा कर्ता पुन्हा मळ्याचा धनी झाला. हिंगणघाटच्या कामगाराने पाळी संपवून घरी जाताना काय म्हटले, ते शोधायचे तर आज गिरण्यांच्या बंद फाटकांपाशी, कामगार संघटनांच्या दप्तरांत आणि औद्योगिक न्यायालयांच्या निवाड्यांत शोधावे लागेल. मराठी समीक्षेने ती दप्तरे अजून साहित्य म्हणून उघडलेली नाहीत.